२० डिसेंबर १९६१ : एक तारीख, दोन दप्तरं

मागच्या बैठकीनंतर एका तरुण सभासदाने विचारलं, "काका, बाबा लंडनहून कायमचे परत आलेत. जाताना आजीच्या जन्मनोंदीवर पोर्तुगीज पासपोर्ट काढला होता. आता गावात पंचायतीला उभं राहायचं म्हणतात. चालेल ना?" मी अभियंता, वकील नव्हे. पण जुने कागद तारखेप्रमाणे लावायची सवय आहे, तसंच उत्तर देतो.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. बाराव्या घटनादुरुस्तीने तो २० डिसेंबरपासून भारताचा भाग ठरला. माणसांचं काय, हे २८ मार्च १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने ठरवलं. त्या तारखेपूर्वी जो स्वतः, किंवा ज्याचे आईवडील वा आजीआजोबा यांपैकी कोणी इथे जन्मलं, तो भारतीय. अर्ज नको, शपथ नको. पोर्तुगीजच राहायचं असेल, तर महिन्याभरात लेखी कळवायचं.

काहींनी कळवलंही. मोन्सिन्योर मोंतेरो हे गोव्यातले धर्मगुरू त्यांपैकी एक. त्यांचा राहण्याचा परवाना १९६४ मध्ये संपला, त्यांनी मुदतवाढ मागितली नाही आणि खटला झाला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपील फेटाळलं. राहत्या गावात माणूस परदेशी ठरला.

लिस्बनचं दप्तर मात्र वेगळं चाललं. पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात. मुक्तीपूर्वी जन्मलेले गोवेकर तिथल्या कायद्याने पोर्तुगीजच, आणि त्यांच्या मुलांनाही तो रस्ता खुला. तिकडे जन्म नोंदवणं म्हणजे नवं काही मिळवणं नव्हे, जुन्याचीच नोंद.

आपला कायदा विचारतो, स्वेच्छेने घेतलंत का? घेतलं असेल, तर १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व गेलं. परदेशी पासपोर्ट हा नियमांत निर्णायक पुरावा. नुसती जन्मनोंद असेल तिथे वाद होतात. निर्णय केंद्र सरकारचा. आमदारकीला तर अनुच्छेद १७३ नागरिकत्व मागतो आणि १९१ परकीय निष्ठेलाही अपात्र ठरवतो. गोव्यात आमदारांवरही असे आक्षेप आलेत.

"पण मतदारयादीत बाबांचं नाव अजून आहे!" असेल. यादीत नाव राहिलं म्हणून नागरिकत्व राहत नाही. ओसीआय कार्डावर राहता येतं, पण मत देता येत नाही की उभं राहता येत नाही. परतीची वाट आहे: कार्डाची पाच वर्षं, अर्जाआधी वर्षभर भारतात वास्तव्य, मग नोंदणीसाठी अर्ज.

त्याच्या आजीने डिसेंबर १९६३ च्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत मत दिलं होतं, एकही अर्ज न करता. आता मुलाला त्याच हक्कासाठी रांग लावायची आहे. "बाबांना सांगतो," म्हणाला, आणि बराच वेळ तिथेच बसून राहिला.