पडद्यावरची भिंत : चित्रपटातील चिन्हे आणि ‘फँड्री’

‘झाड’ या शब्दाच्या उच्चारात झाडासारखे काहीच नसते. शब्द आणि वस्तू यांचे नाते केवळ संकेताने जुळते. पडद्यावरचे झाड मात्र झाडासारखेच दिसते. त्यामुळे चित्रपट भाषेच्या पलीकडे सर्वांना सारखाच कळतो, असा समज रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे.

अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स यांनी चिन्हांचे तीन प्रकार मानले : साम्यावर आधारलेले, प्रत्यक्ष संबंधावर आधारलेले आणि रूढीवर आधारलेले. धुरावरून अग्नी ओळखणे हे दुसऱ्या प्रकारात बसते. आपल्या न्यायशास्त्रालाही हे उदाहरण परिचित आहे. ब्रिटिश अभ्यासक पीटर वॉलन यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात हे वर्गीकरण चित्रपटाला लावले. चित्रपटात हे तिन्ही प्रकार एकाच चौकटीत नांदतात आणि अडचण येते ती बहुधा तिसऱ्यापाशी.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ‘फँड्री’ म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. नायक जब्या काळ्या चिमणीच्या मागे हिंडतो, कारण तिची राख शालूवर टाकली की ती वश होईल, अशी त्याची समजूत आहे. हा संकेत चित्रपट स्वतःच समजावून सांगतो. प्रेक्षकाने बाहेरून काही आणावे लागत नाही. राष्ट्रगीताच्या प्रसंगात तसे नाही. डुक्कर हाती लागणार इतक्यात शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात, जब्या आणि त्याचे कुटुंबीय जागच्या जागी उभे राहतात आणि डुक्कर निसटते. ती धून ऐकताच उभे राहायचे असते, हे ज्याला ठाऊक नाही त्याला इथे केवळ एक विनोदी घोटाळा दिसेल.

पुढे पकडलेले डुक्कर बांधून नेले जाते, तेव्हा मागे शाळेच्या भिंतीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांची चित्रे दिसतात. कोणी एक शब्दही बोलत नाही. चित्रपटातील सर्वांत जळजळीत विधान या मौनात आहे आणि नेमके तेच उपशीर्षकांच्या हाती लागत नाही, कारण उपशीर्षके संवाद देतात, भिंत वाचून दाखवत नाहीत. परदेशात वाढलेल्या मराठी मुलांना हा चित्रपट दाखवताना पालकांनी इथे क्षणभर थांबून ती माणसे कोण होती, हे सांगावे. रसभंग होईल, पण तो पत्करण्याजोगा आहे.

अखेरच्या दृश्याला अशी टीप लागत नाही. जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. इथे अर्थ वस्तूत नसून कॅमेऱ्याच्या जागेत आहे : जब्याची टवाळी करणारा गावकरी ज्या ठिकाणी असायला हवा, तेथे आता प्रेक्षक बसलेला असतो.