रक्षकांस लगाम

जालना हें बियाण्यांचें गांव. बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं येथें महिको ही कंपनी स्थापन केली. आणि २००२ च्या मार्च महिन्यांत बोंडअळीस दाद न देणाऱ्या, जनुक बदललेल्या कापसास आपल्या देशांत प्रथम सरकारी मान्यता मिळाली, ती याच कंपनीच्या वाणांस. 'जनुक' हा शब्द त्यामुळें आमच्या जिल्ह्यांतील पुष्कळांच्या कानीं पुस्तकांतून न येतां बियाण्याच्या पिशवीबरोबर आला. मातींतील एका जिवाणूचें जनुक कापसाच्या अंगीं घातलें, कीं त्याच्या पानांत व बोंडांत अळीस मारक असें प्रथिन तयार होतें, हें येथील शेतकरी जाणतो. मग हीच युक्ति माणसाच्या रोगावर कां चालूं नये, असें त्यास वाटलें, तर तें स्वाभाविकच होय.

युक्ति चालते, परंतु एक मोठा भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. कापसाजवळ अळीविरुद्ध पुरेसें शस्त्र नव्हतें, तें त्यास द्यावयाचें होतें. माणसाजवळ सशस्त्र सैन्य जन्मतःच असतें, आणि पुष्कळ प्रसंगीं शत्रूपेक्षां या सैन्याच्या आवेशानेंच घर उद्ध्वस्त होतें. प्रतिकारशक्तीविषयींच्या ज्ञानाचा गेल्या दोन शतकांचा इतिहास पाहिला, तर सैन्य जागें करण्याच्या विद्येपासून त्यास लगाम घालण्याच्या विद्येकडे झालेला हा प्रवास आहे, असें दिसून येईल. त्यांतील दोन महत्त्वाचे टप्पे मुंबईंत पडले आहेत.

पहिला टप्पा लशीचा. देवीची लस हिंदुस्थानांत प्रथम टोंचली गेली ती मुंबईंत, १४ जून १८०२ रोजीं, ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस. पुढें १८९६ सालीं त्याच शहरांत प्लेगची सांथ आली, तेव्हां वाल्डेमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्लेगची लस तयार केली, व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्यांस ताप आला, टोंचलेली जागा दुखूं लागली. सामान्य जनांस अशा तापाची भीति वाटे; हाफकिन यांच्या दृष्टीनें ती लस लागू पडल्याची खूण होती. त्यांचे गुरु मेच्निकॉफ यांनीं १८८२ सालीं सिसिली बेटावरील मेसिना येथें तारामाशाच्या पारदर्शक अळींत कांटा टोंचून पाहिला, तों तिच्या अंगांतील फिरत्या पेशी त्या कांट्याभोंवतीं गोळा झालेल्या त्यांस दिसल्या. लाली, सूज, उष्णता आणि वेदना हीं दाहाचीं चार लक्षणें रोमन ग्रंथकार सेल्सस यानें फार पूर्वींच नोंदविलीं होतीं. दाह म्हणजे शरीराचा लढा होय, हा त्यांचा अर्थ मेच्निकॉफ यांनीं लाविला.

या काळांतील एक दुर्घटना येथें सांगितली पाहिजे. १९०२ सालीं पंजाबांतील मुल्कोवाल या गांवीं एकाच बाटलींतील लस टोंचलेले १९ जण धनुर्वातानें मरण पावले. ती बाटली दूषित झाली होती. लस तयार करण्याच्या पद्धतींत दोष नव्हता. तरीहि ठपका हाफकिन यांच्यावर आला, आणि तो दूर व्हावयास १९०७ साल उजाडलें.

दाह हा लढा खरा. पण लढा थांबेनासा झाला तर? संधिवातांत हेंच सैन्य सांध्यांवर तुटून पडतें, ल्यूपस नांवाच्या विकारांत त्वचेवर व मूत्रपिंडांवर. जनुकोपचारास तर ही गोष्ट फारच महाग पडली. अमेरिकेंत १४ सप्टेंबर १९९० रोजीं चार वर्षांच्या एका मुलीवर पहिला मान्यताप्राप्त प्रयोग झाला. एका एन्झाइमच्या अभावीं तिची प्रतिकारशक्ति दुबळी राहिली होती. तिच्याच पांढऱ्या पेशींत त्या एन्झाइमचें जनुक घालून त्या तिला परत देण्यांत आल्या. मुलगी जगली आणि आशा वाढली. परंतु सप्टेंबर १९९९ मध्यें जेसी गेल्सिंगर या १८ वर्षांच्या तरुणाच्या यकृतांत जनुक पोंचविण्यासाठीं दुर्बल केलेला विषाणु वाहन म्हणून वापरला, तेव्हां शरीरानें त्या वाहनासच शत्रु मानलें. सर्वांगीं दाह भडकला, आणि चार दिवसांत तो मरण पावला. चौकशींत प्रयोग चालविणारांचे दोषहि उघड झाले, व कित्येक वर्षें ही विद्या मागें पडली.

ती पुन्हा वर आली रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत. रुग्णाच्या रक्तांतून टी-पेशी काढावयाच्या, निकामी केलेल्या विषाणूच्या द्वारें त्यांत नवें जनुक घालावयाचें, त्यांची संख्या वाढवावयाची, आणि त्या शिरेवाटे परत सोडावयाच्या, अशी ही पद्धति. नव्या जनुकामुळें या पेशी सीडी-१९ ही खूण धारण करणाऱ्या बी-पेशी हुडकून मारतात. २०१२ सालीं फिलाडेल्फियांत एमिली व्हाइटहेड या लहान मुलीस हा उपचार दिला, तेव्हां कर्करोगाबरोबर तिचाहि अंत होतो कीं काय, अशी वेळ आली. इंटरल्यूकिन-६ हें दाहकारक द्रव्य तिच्या रक्तांत बेसुमार वाढलें होतें. संशोधक कार्ल जून यांच्या मुलीस संधिवाताचा विकार असल्यामुळें, त्या द्रव्यास अडविणारें टॉसिलिझुमॅब हें औषध त्यांस ठाऊक होतें. तें देतांच वादळ शमलें आणि मुलगी बरी झाली. सांध्यांचा दाह आणि कर्करोगावरील उपचारांतला दाह यांचें मूळ एकच असूं शकतें, हें त्या दिवशीं कळून आलें.

दुसरा टप्पा पुन्हा मुंबईचा. पवईच्या आय.आय.टी.मधील राहुल पुरवार यांची प्रयोगशाळा आणि टाटा मेमोरियल रुग्णालय यांनीं मिळून हा उपचार येथें घडविला. ४ जून २०२१ रोजीं खारघरच्या टाटा केंद्रांत तो प्रथम देण्यांत आला, ऑक्टोबर २०२३ मध्यें त्यास मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजीं राष्ट्रपति द्रौपदी मुर्मू यांच्या हस्तें 'नेक्सकार-१९' या नांवानें त्याचें लोकार्पण झालें. परदेशी उपचारांत खूण ओळखणारा भाग उंदराच्या प्रतिपिंडावरून घेतलेला असे. मुंबईच्या संशोधकांनीं तो मानवी घडणीशीं जुळता केला. शरीरानें त्यास परका मानूं नये व दाह बेताचा राहावा, हा त्यांतील हेतु. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सुमारें ७३ टक्के रुग्णांस गुण आल्याचें दिसतें. परंतु दोन रुग्ण उपचाराच्याच परिणामांनीं दगावले, हेंहि त्यांतच नमूद आहे.

याच सुमारास जर्मनींतील एर्लांगेन येथें जॉर्ज शेट व त्यांचे सहकारी यांनीं हा उपचार ल्यूपसकडे वळविला. स्वतःच्या देहावर उलटणारीं प्रतिपिंडें ज्यांच्यापासून निघतात, त्या बी-पेशीच त्यांनीं नाहींशा केल्या. २०२२ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या पांचहि रुग्णांचा दाह शमला होता. जें शस्त्र म्हणून घडविलें, तें लगामाच्या कामीं आलें.

आतां प्रश्न उरतो तो आमच्या जिल्ह्यांतील रुग्णाचा. मुंबईंतील उपचाराची किंमत प्रारंभीं सुमारें ४० लाख रुपये सांगण्यांत आली. अमेरिकेंतील किमतीचा हा जवळजवळ दहावा हिस्सा असला, तरी चार एकर कापूस लावणाऱ्यास तो आंकडा स्वप्नांतहि गांठतां यावयाचा नाहीं. किमतीविषयीं बोललें जातें, व तें योग्यच आहे. परंतु दाहाचें वादळ उठतें तें पेशी परत सोडल्यानंतरच्या दिवसांत. त्या वेळीं रात्रंदिवस पाहणारे डॉक्टर व परिचारिका, रक्ततपासणीची सोय आणि अतिदक्षता विभाग हाताशीं हवा. तूर्त त्यासाठीं रुग्णास व त्याच्या घरच्या माणसांस महानगरांत आठवडेच्या आठवडे काढावे लागतात. मुल्कोवाल येथें विद्या खरी असूनहि एका बाटलीच्या हयगयीनें १९ जीव गेले, हें विसरूं नये. म्हणून माझ्या मतें या विद्येचें पुढील काम प्रयोगशाळेइतकेंच जिल्ह्याच्या रुग्णालयांत आहे. तेथें वादळ ओळखणारीं व आवरणारीं माणसें तयार झालीं, म्हणजे बियाण्याच्या पिशवीबरोबर आलेला हा शब्द येथील रुग्णाच्या उपयोगीं पडला, असें म्हणतां येईल.