नहपानाची नाणी आणि आपला परिग्रह



दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून सासूबाईंच्या आजेसासूंची पितळी डबी खाली आली. आत तांब्याच्या चार शिवराया. दोन्हींकडची अक्षरं पुसट झालेली, पण एकीवर 'श्री राजा शिव' आणि मागे 'छत्रपति' एवढं लागलं. धाकट्याला नाणी जमवायचा नाद आहेच. तो लगेच चिंच घेऊन घासायला बसला. सासूबाई म्हणाल्या, "परिग्रहाचं परिमाण घेतलंय ना आपण? मग हा नवा साठा कशाला?"

मला चटकन उत्तर सुचलं नाही. चिंच मात्र आधी काढून घेतली आणि दोघांना जोगलटेंभीची गोष्ट सांगितली.

जोगलटेंभी हे नाशिक जिल्ह्यातलं, सिन्नर तालुक्यातलं गोदाकाठचं गाव. 1906 साली तिथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. 13,000 हून जास्त नाणी, क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची. एका बाजूला राजाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी व खरोष्ठी लिपीतला मजकूर. पण त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर दुसरा छाप मारलेला होता, गौतमीपुत्र सातकर्णीचा. नहपानाचा पैसा त्याने वितळवला नाही, त्याच्यावरच आपली मोहोर उठवली.

आता यात एक आई येते. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, नातू पुळुमावीच्या राज्याच्या 19 व्या वर्षी कोरवलेला. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निर्मूळ केला, असं ती त्यात सांगते. आईने मुलाचं कौतुक केलं, एवढंच कुणी म्हणालं असतं. पण जोगलटेंभीच्या नाण्यांनी तिच्या शब्दाला साक्ष दिली.

आणि आपल्या आगमपरंपरेतही ही लढाई आहे! आवश्यकसूत्राच्या टीकासाहित्यात कथा येते. भरुकच्छचा, म्हणजे भडोचचा, नहवाहन राजा खजिन्याने श्रीमंत, तर प्रतिष्ठानचा सातवाहन राजा सैन्याने. सातवाहन पुन्हा पुन्हा वेढा घाली आणि हात हलवत परत जाई. शेवटी त्याच्या मंत्र्याने रुसून निघाल्याचं सोंग केलं, नहवाहनाकडे नोकरी धरली आणि पुण्यकार्यांत त्याचा खजिना रिता करवला. मग वेढा पडला, तेव्हा सैनिकांना द्यायला पैसाच उरला नव्हता. हा नहवाहन म्हणजेच नहपान, असं इतिहासकार मानतात.

सासूबाई हसल्या. "म्हणजे साठ्याच्या जोरावर उभं होतं, ते साठ्याबरोबर गेलं."

खरंय. पण जोगलटेंभीची नाणी कुणी गुपचूप सोनाराकडे नेऊन आटवली असती, तर बलश्रीची साक्ष कायमची गेली असती. म्हणून जमवणं आणि जपणं यांत फरक करायला हवा. आसक्ती आली की चार शिवरायाही परिग्रहच.

इथे अचौर्यव्रतही आठवावं. आपल्या मांजरीत द्राक्षमळ्यांच्या जागी इमारती उठताहेत, रोज कुठे ना कुठे पाया खणला जातो. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं, तर 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. न दिलेलं घेऊ नये, हे तर आपण लहानपणापासून शिकलोय.

घरातल्या जुन्या नाण्यांना चिंच, राख, पीतांबरी काही लावू नका. तांब्यावरचा काळपट थर त्याचं रक्षण करतो, घासलं की अक्षरंही झिजतात. नाणं कडेने धरा, कोरड्या जागी कागदी पाकिटात ठेवा. आणि ते कुणाकडून, कुठून आलं, हे वहीत लिहा. वहीशिवाय नाणं मुकं असतं.

आमच्या घरी शेवटी सासूबाईंनीच परिमाण ठरवलं: एक वही, एक डबी. डबी भरली की नवं आणण्याआधी एक नाणं दुसऱ्या मुलाला द्यायचं, त्याच्या नोंदीसकट. धाकट्याने कबूल केलंय. पहिलं पान त्याने आजीलाच विचारून लिहिलं.