कळ तीच, अर्थ वेगळा

संगणकाच्या कळफलकावर 'ए'ची कळ दाबली की पडद्यावर 'ए' उमटतो. त्यामुळे कळ म्हणजेच अक्षर, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात कळफलक अक्षर पाठवतच नाही. आयबीएमच्या १९८१ सालच्या पीसीवर ही कळ दाबली की ३० हा आकडा आत जाई आणि सोडली की १५८. अमुक जागेवरची कळ दाबली किंवा सोडली, एवढाच तो निरोप. त्याचा अर्थ ठरवतो संगणकातील एक तक्ता. या तक्त्याचे महत्त्व मेनफ्रेम संगणकांच्या इतिहासात चांगले दिसते.

बँका, विमा कंपन्या अशा ठिकाणी एका मोठ्या मेनफ्रेमला शेकडो टर्मिनले जोडलेली असत. प्रत्येक कळीसरशी मेनफ्रेमचे काम थांबवणे परवडणारे नव्हते. म्हणून आयबीएमने १९७१ साली आणलेल्या '३२७०' मालिकेतील टर्मिनले, टंकलेला मजकूर स्वतःजवळच ठेवत. पुढे रूढ झालेल्या पडद्यावर २४ ओळी आणि ओळीत ८० अक्षरे, म्हणजे १९२० अक्षरे मावत. आपण टपाल कचेरीत अर्ज पूर्ण भरूनच खिडकीतून आत देतो, तसाच हा प्रकार.

साहजिकच दोन वेगळ्या कळा लागल्या. टंकयंत्रावर जिथे ओळ बदलण्याची कळ असते, तिथे 'न्यू लाइन' होती. ती फक्त पुढच्या ओळीवर नेई. अर्ज मेनफ्रेमकडे धाडणारी 'एंटर' कळ खाली, स्पेसबारच्या उजवीकडे होती. याशिवाय, लिहिण्यास मनाई असलेल्या जागी टंकले तर कळफलक अडून बसे; तो मोकळा करण्यासाठी 'रिसेट' होती. खास कामांच्या 'पीएफ' कळा आधी १२ आणि नंतर २४ झाल्या.

पीसी आल्यावर एकाच टेबलावर दोन पडदे कशाला, असा प्रश्न पडला. १९८२ साली 'इर्मा' नावाचे कार्ड आले. ते पीसीत बसवले की पीसीच ३२७० टर्मिनलची नक्कल करू लागे. अशी नक्कल करणाऱ्या सोयीला एम्युलेटर म्हणतात.

पण कळांचा मेळ कसा घालायचा? पहिल्या पीसीला ८३ कळा होत्या आणि त्यांत 'एफ' कळा फक्त १०. हव्या होत्या २४! त्यावर शिफ्टसारखी कळ जोडीला घेऊन दाबण्याची युक्ती निघाली. खरी अडचण 'एंटर'ची होती. पीसीची एंटर कळ नेमकी 'न्यू लाइन'च्या जागी होती. वर्षानुवर्षे टर्मिनलवर बसलेल्या माणसाचे बोट सवयीने ओळ बदलायला तिथे जाणार आणि अर्धवट भरलेला अर्ज रवाना होणार!

यावर दोन उत्तरे निघाली. आयबीएमच्या 'पर्सनल कम्युनिकेशन्स'ने बोटांची सवय जपली: उजवी 'कंट्रोल' म्हणजे एंटर, डावी 'कंट्रोल' म्हणजे रिसेट, आणि 'एंटर' लिहिलेली कळ फक्त पुढच्या ओळीवर नेणारी. 'एक्स-३२७०' या एम्युलेटरने कळीवरचे नाव जपले. तिथे एंटर म्हणजे एंटरच. मात्र दोन्हींत तक्ता आपल्या सोयीने बदलता येतो.

अक्षरांनाही असा तक्ता लागतो. मोठ्या लिपीतील 'ए'चा आकडा पीसीच्या आस्की संकेतात ६५, तर मेनफ्रेमच्या एब्सिडिक संकेतात १९३. हा बदलही एम्युलेटरच करतो.

जुनी टर्मिनले भंगारात गेली, पण त्यांच्या कळांची मांडणी एम्युलेटरांमध्ये आजही टिकून आहे. यंत्र बदलता येते; हजारो माणसांच्या बोटांना पुन्हा शिकवणे सोपे नसते.

हे वर्गातही दाखवता येईल. संगणकावर मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक निवडा आणि 'के'ची कळ दाबा: 'क' उमटेल. नावे जुळली, म्हणून मुले खूश होतील. मग 'एच'ची कळ दाबायला सांगा. 'ह' येईल अशी त्यांची अपेक्षा असेल, येईल 'प'. कळ तीच, तिचा निरोपही तोच. बदलला तो तक्ता. असे का झाले, हे मुलांनाच शोधू द्या. आणि इंग्रजी टंकायला सरावलेला विद्यार्थी मराठी टंकताना अडखळला, तर त्याला मंद समजू नका. त्याची बोटे जुना तक्ता अजून विसरलेली नाहीत, इतकेच.