हिरा आणि शिसपेन्सिल

साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेच्या उत्सवाला ‘हीरक’ हे विशेषण लाभते, ते हिऱ्याच्या तेजामुळे आणि काठिण्यामुळे. परंतु हे काठिण्य येते कोठून, याचे उत्तर मिळण्यास फार मोठा काळ जावा लागला.

अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवणारा प्रमुख देश भारतच होता. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा पुढे तेलुगू मुलखात शिरते. तेथे तिच्या काठी असलेल्या कोल्लूरच्या खाणीतील रत्ने गोवळकोंड्याच्या बाजारातून देशोदेशी जात. खरा हिरा ऐरणीवर घणाचे घाव सोसूनही अभंग राहतो, अशी समजूत रूढ होती. असा हा हिरा जळू शकतो, हे कोणाच्या मनातही आले नसते.

१७७२ मध्ये पॅरिस येथे आंत्वान लाव्हाझिए यांनी मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळला. निघालेल्या वायूने चुन्याची निवळी दुधाळ झाली. कोळसा जाळल्यावरही हेच घडते. १७९७ मध्ये इंग्लंडचे स्मिथसन टेनंट यांनी समान वजनाच्या हिऱ्यापासून आणि कोळशापासून सारखाच कार्बन डायऑक्साइड मिळतो, हे सिद्ध केले. रत्नांचा राजा केवळ कार्बन ठरला.

त्याच कार्बनचे दुसरे रूप म्हणजे ग्राफाइट. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील बॉरोडेल येथे सापडलेल्या या काळ्या पदार्थाला लोक शिशाचाच प्रकार समजले. १७७९ मध्ये कार्ल शील यांनी तो कार्बन असल्याचे दाखवले. मराठीतील ‘शिसपेन्सिल’ हा शब्द मात्र ती जुनी चूक आजही सांभाळून आहे.

मूलद्रव्य एकच असताना एक रूप काच कापते आणि दुसरे कागदावर झिजते, हे कसे? १९१३ मध्ये विल्यम हेन्री ब्रॅग आणि विल्यम लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने हिऱ्याची रचना उलगडली. हिऱ्यातील प्रत्येक कार्बन अणू चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवरील चार शेजाऱ्यांशी सहसंयुज बंधांनी जोडलेला असतो. दोन अणूंमधील अंतर ०.१५४ नॅनोमीटर. ही जुळणी सर्व दिशांना अखंड चालू राहते आणि संपूर्ण स्फटिक हाच एक प्रचंड रेणू होतो. त्यावर ओरखडा काढायचा तरी असंख्य बंध तोडावे लागतात. चारही इलेक्ट्रॉन बंधांत गुंतल्याने त्यातून वीज वाहत नाही. ऐरणीची समजूत मात्र खोटी ठरली. काही विशिष्ट प्रतलांवर हिरा आघाताने दुभंगतो आणि कुशल कारागीर याच गुणाचा उपयोग करतात.

ग्राफाइटची रचना जे. डी. बर्नाल यांनी १९२४ मध्ये निश्चित केली. येथे प्रत्येक अणूचे शेजारी तीनच. त्यातून षट्कोनी जाळीचे थर बनतात. थरांमधील अंतर ०.३३५ नॅनोमीटर आणि आकर्षण क्षीण, म्हणून ते सहज सरकतात व कागदावर उमटतात. प्रत्येक अणूचा उरलेला चौथा इलेक्ट्रॉन थरात मोकळा फिरतो आणि वीज वाहून नेतो.

रचना कळली, तरी हिऱ्याच्या प्रकाशाचे कोडे उरले होते. बेंगळुरूला सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत अण्णा मणी ही त्रावणकोरची तरुणी १९४० मध्ये दाखल झाली. आठव्या वाढदिवशी घरच्या रिवाजाप्रमाणे मिळणाऱ्या हिऱ्याच्या कुड्या नाकारून तिने ज्ञानकोश मागितला होता. आता तीसहून अधिक हिऱ्यांचे वर्णपट तिने अभ्यासले. एकेका छायाचित्रासाठी पंधरा-वीस तास प्रकाश द्यावा लागे, त्यामुळे रात्रीही तेथेच जात. १९४५ मध्ये प्रबंध सादर झाला. पदव्युत्तर पदवी नाही, या कारणास्तव विद्यापीठाने डॉक्टरेट नाकारली.

अण्णा मणी थांबल्या नाहीत. इंग्लंडमध्ये हवामानविषयक उपकरणांचे शिक्षण घेऊन १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या आणि भारतीय बनावटीच्या उपकरणांचा पाया त्यांनी घातला. १९७६ मध्ये त्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या.

हिरा आणि शिसपेन्सिल यांचे द्रव्य एकच, भेद केवळ अणूंनी परस्परांशी जोडलेल्या बंधांचा. हीरक महोत्सवासाठी एकत्र येणाऱ्या शाळेच्या परिवाराला याहून समर्पक धडा रसायनशास्त्रात क्वचितच सापडेल.