ग्रीवा रोहिणी शस्त्रक्रियेतील मज्जातंतूंचे रक्षण

ग्रीवा रोहिणी म्हणजे मानेतून मेंदूकडे रक्त नेणारी मोठी धमनी. तिच्या आतील बाजूस साचलेला मेदयुक्त थर काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेस कॅरोटिड एंडआर्टरेक्टॉमी असे म्हणतात. ही शस्त्रक्रिया पक्षाघात टाळण्यासाठी केली जाते. मात्र जीभ, स्वरयंत्र, घसा आणि ओठ यांचे मज्जातंतू या धमनीच्या अगदी जवळून जातात. त्यांना इजा झाल्यास बोलणे व गिळणे यांत अडथळा येऊ शकतो. ज्या रुग्णांची शरीररचना सर्वसामान्यांहून निराळी असते, त्यांच्या बाबतीत हा धोका विशेष लक्षात घ्यावा लागतो.

पार्श्वभूमी

मानेच्या प्रत्येक बाजूस असलेली सामाईक ग्रीवा रोहिणी बहुधा कंठमण्याच्या वरच्या कडेच्या पातळीवर, म्हणजे मानेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यासमोर, दुभंगते. आतील शाखा मेंदू व डोळ्याकडे, तर बाहेरील शाखा चेहरा व टाळूच्या त्वचेकडे जाते. या फाट्यापाशीच मेदाचा थर साचण्याची प्रवृत्ती असते. त्याचा कण किंवा त्यावर धरलेली रक्ताची गुठळी सुटून मेंदूत अडकल्यास पक्षाघात होतो.

मायकेल डिबेकी यांनी १९५३ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे ही शस्त्रक्रिया यशस्वीपणे केली. १९५४ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ईस्टकॉट, पिकरिंग व रॉब यांनी धमनीचा रोगग्रस्त भाग काढून उरलेली टोके जोडली. उत्तर अमेरिका व युरोप येथील दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. पक्षाघाताची लक्षणे नुकतीच दिसलेल्या आणि धमनी ७० टक्के वा अधिक अरुंद झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेचा स्पष्ट लाभ होतो, असे त्यांतून सिद्ध झाले.

धोक्यातील मज्जातंतू

• अधोजिव्ह तंत्रिका (बारावी मस्तिष्क तंत्रिका) : ही फाट्याच्या थोडी वर दोन्ही शाखांना आडवी ओलांडून जिभेकडे जाते. इजा झाल्यास जीभ बाहेर काढताना ती इजा झालेल्या बाजूकडे वळते. उच्चार अस्पष्ट होतात व घास तोंडात फिरवणे अवघड जाते.
• प्राणेशा अर्थात व्हेगस तंत्रिका (दहावी) : ही धमनी व शीर यांच्यामधून, बहुधा मागील बाजूने, खाली उतरते. तिला इजा झाल्यास स्वररज्जू निकामी होऊन आवाज घोगरा होतो व पाणी पिताना ठसका लागतो.
• ऊर्ध्व स्वरयंत्र तंत्रिका : ही प्राणेशेची शाखा धमनीच्या मागून जाते. इजा झाल्यास वरच्या पट्टीतील स्वर लागत नाहीत आणि आवाज लवकर थकतो. गायक, शिक्षक, वकील यांच्यासाठी ही हानी किरकोळ नसते.
• चेहऱ्याच्या तंत्रिकेची जबड्यालगतची शाखा : ही दुखावल्यास खालच्या ओठाचा कोपरा वाकडा दिसतो.
• जिव्हाग्रसनी तंत्रिका (नववी) : ही बरीच वर असते. तिची इजा विरळ असली, तरी गिळण्याची क्रिया गंभीरपणे बिघडवणारी असते.
• त्वचेच्या तंत्रिका : या दुखावल्यास कानाची पाळी, जबड्याचा कोन किंवा मानेची त्वचा बधिर होते.

शरीररचनेतील वेगळेपण

उंचावरील फाटा : काही व्यक्तींत धमनी दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहूनही वर दुभंगते. अशा वेळी जबड्याच्या आडोशाला काम करावे लागते आणि अधोजिव्ह व जिव्हाग्रसनी तंत्रिकांवर ताण येतो. मान आखूड व जाड असल्यास अडचण वाढते.

अधोजिव्ह तंत्रिकेची खालची जागा : कधी ही तंत्रिका नेहमीपेक्षा खाली, थेट फाट्यावर असते, कधी ती चेहऱ्याच्या शिरेला चिकटलेली असते. शीर बांधून कापताना ती नजरेतून निसटू शकते.

पुढे आलेली प्राणेशा : काही रुग्णांत प्राणेशा धमनीच्या मागे नसून पुढे असते. धमनीवरील आवरण उघडताना पहिल्याच छेदात ती सापडण्याची शक्यता असते.

न वळणारी स्वरयंत्र तंत्रिका : सामान्यतः उजवी परावर्ती स्वरयंत्र तंत्रिका छातीच्या वरच्या टोकाशी उजव्या हाताच्या मुख्य धमनीला वळसा घालून पुन्हा वर येते. ही धमनी गर्भावस्थेत नेहमीच्या जागी न बनता महाधमनीच्या कमानीच्या शेवटच्या टोकापासून निघाली व अन्ननलिकेमागून गेली, तर वळसा घालण्यास जागाच उरत नाही. मग तंत्रिका मानेतच प्राणेशेपासून फुटून ग्रीवा रोहिणीमागून थेट स्वरयंत्राकडे जाते. उजव्या बाजूस हा प्रकार सुमारे ०.५ ते १ टक्का व्यक्तींत आढळतो. डाव्या बाजूस तो अत्यंत विरळ असतो.

पिळलेली धमनी : आतील व बाहेरील शाखांच्या जागांची अदलाबदल झाल्यास आतील शाखा शोधण्यासाठी धमनी फिरवावी लागते. अशा वेळी मागील ऊर्ध्व स्वरयंत्र तंत्रिका ताणली जाते.

याखेरीज पूर्वीची शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार यांमुळे ऊती एकमेकींना चिकटतात व ओळखीच्या खुणा पुसल्या जातात.

रक्षणाचे उपाय

मज्जातंतू कापला जाण्यापेक्षा ताण, दाब, चिमट्याची पकड किंवा विद्युत्-दहनाची उष्णता यांमुळे दुखावला जाण्याचे प्रमाण अधिक असते. म्हणून बहुतेक उपाय हे घाई टाळण्याचे व ओळख पटवण्याचे आहेत.

शस्त्रक्रियेपूर्वी सी.टी. अथवा एम.आर. अँजिओग्राफीने फाट्याची उंची, धमनीचे वळण आणि महाधमनीच्या कमानीची ठेवण पाहता येते. उजव्या हाताची धमनी अन्ननलिकेमागून जाताना दिसल्यास न वळणारी तंत्रिका गृहीत धरूनच पुढे जावे लागते. मानेवर पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचे स्वररज्जू दुर्बिणीतून तपासणे आवश्यक असते. एका बाजूचा स्वररज्जू आधीच निकामी असेल आणि दुसऱ्या बाजूसही इजा झाली, तर श्वासमार्ग बंद होऊन जिवावर बेतू शकते. याच कारणास्तव दोन्ही बाजूंच्या शस्त्रक्रिया एकाच वेळी करणे टाळतात.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत छेदाचे वरचे टोक जबड्याकडे न नेता कानामागील हाडाकडे वळवतात. त्यामुळे ओठाची तंत्रिका वाचते. दोर किंवा शीर वाटणारी कोणतीही वस्तू ओळख पटल्याविना कापत नाहीत. विच्छेदन धमनीच्या भिंतीला धरून केले जाते. रक्तस्राव थांबवण्यासाठी उष्णता कमी पसरवणारे द्विध्रुवी दहन वापरतात. चिमटा लावण्यापूर्वी प्राणेशा त्यात सापडली नाही ना, हे पाहिले जाते.

अधोजिव्ह तंत्रिकेला खाली जखडून ठेवणारी लहान धमनी व शीर बांधून कापल्यास तंत्रिका ओढाताण न होता वर सरकते. फाटा फार उंच असल्यास द्विउदर स्नायूचा मागील भाग कापतात. क्वचित नाकावाटे भूल देऊन जबडा पुढे सरकवून स्थिर करतात. शिरेच्या मागील बाजूने धमनीकडे जाण्याचाही मार्ग आहे. त्यात अधोजिव्ह तंत्रिका फारशी हाताळावी लागत नाही, परंतु प्राणेशेला अधिक जपावे लागते.

इजेचे प्रमाण व उपचार

युरोपातील चाचणीत मस्तिष्क तंत्रिकांच्या इजेचे प्रमाण ५.१ टक्के होते. कायमची इजा ०.५ टक्के रुग्णांत राहिली. क्रेस्ट या अमेरिका-कॅनडातील चाचणीत ४.६ टक्के रुग्णांना इजा झाली आणि त्यांपैकी सुमारे ८१ टक्के एका वर्षात बरे झाले. यावरून बहुतेक इजा तात्पुरत्या असतात, हे दिसते. मज्जातंतू कापल्याचे शस्त्रक्रियेतच लक्षात आल्यास टोके लगेच शिवली जातात. एरवी गिळण्याची तपासणी, वाचोपचार आणि गरज भासल्यास निकामी स्वररज्जू मध्यभागी आणण्याचा उपचार केला जातो.

पर्याय

फाटा अतिशय उंच असल्यास, किरणोपचार झालेला असल्यास किंवा विरुद्ध बाजूचा स्वररज्जू निकामी असल्यास धमनीत स्टेंट बसवण्याचा विचार होतो. मांडीतील धमनीवाटे स्टेंट बसवताना मानेतील मज्जातंतू बहुधा सुरक्षित राहतात. तथापि वयोवृद्ध रुग्णांत या पद्धतीत पक्षाघाताचा धोका शस्त्रक्रियेपेक्षा अधिक आढळला आहे. त्यामुळे कोणता मार्ग निवडावा, हे रुग्णाचे वय, धमनीची रचना व पूर्वेतिहास यांचा एकत्रित विचार करून ठरवले जाते.