बाळंतपणाच्या रजेचा दाखला

कायदा झाला की हक्क मिळाला, असे आपण समजतो. परंतु कायदा आणि पदरात पडणारे पैसे यांच्यामध्ये एक कागद असतो, आणि तो मिळवून देणारे माणूसही लागते. बाळंतपणाच्या पगारी रजेचा आपल्याकडील इतिहास पाहिला म्हणजे ही गोष्ट पटते.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून व घाटावरून आलेल्या हजारो बायका राबत होत्या. डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स या डॉक्टरीणबाईंनी त्यांची सरकारतर्फे चौकशी केली. तो अहवाल 1922 साली प्रसिद्ध झाला. कित्येकजणी दिवस भरत येईपर्यंत कामावर जात, आणि बाळंत झाल्यावर तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देऊन निजवीत. हौस म्हणून नव्हे. खाडा झाला की मजुरी बुडे, आणि परत घेणे न घेणे नायकिणीच्या मर्जीवर असे.

कै. ना. म. जोशी यांनी 1924 साली मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूती-साहाय्याचे बिल मांडले, ते फेटाळले गेले. पुढे श्री. आसवले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात तसे बिल आणले. 28 जुलै 1928 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. मातेला विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे, आणि त्या खर्चाचा काही भार सरकारनेही उचलावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. 1929 साली कायदा झाला. मुंबईसारख्या शहरात रोजी 8 आणे भत्ता ठरला.

आता प्रश्न आला पुराव्याचा. रजेपूर्वी सूचना द्यायची, गरोदरपणाचा व प्रसूतीचा पुरावा आणायचा. बायका बहुतेक निरक्षर. बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्या. तेथे गावची सुईण. तिचा हात कितीही हलका असला तरी तिच्या शब्दाला कचेरीत किंमत नव्हती. म्हणूनच परळला 1926 साली नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह निघाले, आणि कै. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने ससून रुग्णालयात परिचारिका व सुईणी तयार करवल्या, याचे मोल दुहेरी आहे. जीव वाचले हे तर खरेच. पण जिची सही चालेल अशी बाई गरिबाच्या खाटेपाशी उभी राहिली, हेही थोडे नव्हे.

1954 साली मुंबईत कामगार राज्य विमा योजना आली आणि पॅनेल डॉक्टरचा दाखला घरोघरी ठाऊक झाला. 1961 च्या कायद्याने बारा आठवडे ठरवले. प्रसूतीपूर्वीची रक्कम आगाऊ, आणि उरलेली प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून 48 तासांत, असा त्यात नियम होता. सूचना द्यायची राहिली एवढ्यावरून हक्क बुडत नाही, असेही त्यात लिहिलेले होते.

हे शेवटचे वाक्य माझ्या आईला ठाऊक नव्हते. 1970 साली ती एका जिल्ह्याच्या गावी कापडगिरणीत होती. विमा योजना तेथे पोचलेली नव्हती. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी ती माहेरी गेली, सूचना राहून गेली. परत आल्यावर कारकुनाने सांगितले, "आता काही मिळायचे नाही." ती गप्प बसली. आमच्या आळीत येणाऱ्या नर्सबाईंना हे कळले. त्यांनी आजोळहून जन्मनोंदीचा उतारा मागवला, ओट्यावर बसून अर्ज लिहिला आणि आईबरोबर स्वतः कचेरीत गेल्या. पैसे मिळाले. आई अंगठा उठवीत असे. पण तो अर्ज वाचून दाखवा, असे ती आम्हांला पुष्कळ वर्षे सांगे.

2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा 26 आठवड्यांची झाली, आणि नोकरीवर घेतानाच बाईला हा लाभ लेखी कळवावा असे ठरले. शेतात किंवा परक्या घरी काम करणाऱ्या बाईला मात्र रजा देणारा मालकच सापडत नाही. तिच्या बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई म्हणून त्याच वर्षी पंतप्रधान मातृवंदना योजना सुरू झाली, पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपयांची. तिचे अर्ज भरून घेण्याचे काम अंगणवाडी सेविका व आशाताई करीत आल्या आहेत.

भगिनींनो, आपल्या मंडळात लिहित्या हातांची वाण नाही. आठवड्यातून एक दुपार अर्ज लिहिण्यासाठी राखून ठेवली, तर त्या नर्सबाईंचे ऋण थोडेतरी फिटेल.